आवई उठली? ठराव करा!

समजा, तुम्ही निवडून आलात, सभागृहात बाक मिळाला आणि नेमकं त्याच मुहूर्तावर देश पेटला. राजधानीत दंगल झाली, राजा गांगरला आणि लांबच्या प्रांतांतून रोज पत्रं येऊ लागली की तिकडे लोक भलतंसलतं ऐकून भलतंसलतं करताहेत. अशा वेळी अफवांचं खंडन करायची जबाबदारी तुमच्याच गळ्यात पडणार. घाबरू नका. फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेने, म्हणजे क्रांतीच्या वेळच्या लोकप्रतिनिधींच्या सभागृहाने, १७८९-९० मध्ये हे काम इतकं यथासांग करून ठेवलंय, की तुम्ही नुसती री ओढली तरी पुरे.

आधी समोरचं गिऱ्हाईक ओळखा. १४ जुलै १७८९ ला पॅरिसमधला राजाचा तुरुंग-किल्ला बास्तीय पडला. आदल्या वर्षी गारपिटीने पिकं गेली होती, पाव महागला होता, रस्त्यांवर काम शोधणाऱ्यांचे आणि भिकाऱ्यांचे तांडे होते आणि यंदाचं पीक कापणीला आलं होतं. एवढी मशागत झालेल्या जमिनीत कंड्या पिकायला कितीसा वेळ? उमरावांनी सूड म्हणून दरोडेखोर पोसलेत आणि ते उभं पीक कापायला निघालेत, अशी हूल उठली. २० जुलै ते ६ ऑगस्टच्या दरम्यान ती निम्म्याहून अधिक देशभर फिरली. इतिहासकार त्याला ‘महाभय’ म्हणतात. शांपान्य प्रांतात २४ जुलैला दरोडेखोर रानात शिरताना दिसले, चर्चच्या घंटा घणघणल्या आणि तीन हजार माणसं हाताला लागेल ते शस्त्र घेऊन धावली. रानात गाईंचा कळप निघाला. तुम्ही मात्र हसू नका. गाईंनीही हे प्रकरण शांतपणे घेतलं असणार.

जॉर्ज लफेव्र या इतिहासकाराने या भीतीचा वेग काढला, तो भरला ताशी चारेक किलोमीटर. म्हणजे ती पायी चालत गेली. तुमच्या खंडनाला इतकी घाई करता येणार नाही. ते आधी समितीत जाईल, तिथे त्यातल्या विशेषणांवर वाद होईल, मग सभागृहात वाचन, मग छपाई, मग राजाकडे, मग प्रांतात, मग गावात. तोवर गाई घरी परतलेल्या असतील आणि जमीनदाराची गढी जळून गेलेली असेल. याचा फायदा असा, की खंडन पोचेपर्यंत खंडन करण्यासारखं काही उरत नाही.

वर्तमानपत्रांवर फार विसंबू नका. आर्थर यंग नावाचा इंग्रज शेतकरी-प्रवासी त्या उन्हाळ्यात फ्रान्सभर हिंडत होता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुलँ शहरातल्या एका कॉफीगृहात त्याने वर्तमानपत्र मागितलं. वीसेक टेबलं मांडलेली होती, पण पेपर मागणं म्हणजे हत्ती मागण्यासारखंच होतं, असं त्याने लिहून ठेवलंय. त्याआधी, २४ जुलैला, कोलमारच्या खाणावळीत जेवताना त्याच्या कानावर आलं की राणी सुरुंग लावून राष्ट्रीय सभाच उडवून देणार आहे आणि फौज पाठवून पॅरिसची कत्तल करणार आहे. पंगतीतल्या एका फौजी अधिकाऱ्याने नुसती शंका काढली, तर सगळे त्याच्यावर तुटून पडले. शंका कशी घेता? सभेच्या एका सदस्याने स्वतः लिहिलंय! पत्र आम्ही डोळ्यांनी पाहिलंय!

या पत्रावरून घ्यायचा बोध असा, की दिवसभर सभागृहात अफवांचा निषेध करावा आणि रात्री मतदारसंघाला पत्र लिहावं. त्यात ‘कारस्थान’, ‘विश्वसनीय गोटातून’ आणि ‘सध्या एवढंच सांगतो’ हे तीन शब्दप्रयोग हवेतच. तुमची पत्रं गावात जाहीरपणे वाचली जातात, म्हणून अक्षर तेवढं सुवाच्य काढा.

चौकशीच्या बाबतीत एकच पथ्य पाळा. संताप आधी, चौकशी मागाहून. १९ जुलैला वझूलजवळच्या केंसी इथल्या गढीवर गावकरी आनंदोत्सवाला जमले होते. तिथे बंदुकीच्या दारूचं पिंप उडालं आणि काही माणसं मेली. मालक मेस्मे घरी नव्हता. त्याने पाहुण्यांना बोलावून मुद्दाम उडवलं, असा बोभाटा झाला. आठवड्याभरात प्रकरण सभागृहात आलं, सभा हादरली, अपराध्याला शासन झालंच पाहिजे असं ठरलं आणि तिकडे त्या भागातल्या गढ्या पेटल्या. पुढे मेस्मे निर्दोष ठरला. पण निर्दोष ठरण्याची बातमी चालत कुठेच जात नाही, ती बसूनच असते.

आता मुख्य हत्यार, म्हणजे ठराव. त्याचा नमुना १० ऑगस्ट १७८९ चा घ्या. गावोगाव लोकांनी उमरावांच्या गुप्त कटावर विश्वास ठेवला, हा खरा रोग. सभेने त्यावर काय सांगितलं? तर राष्ट्राच्या शत्रूंनी एकाच सुमाराला, जवळजवळ एकाच दिवशी, वेगवेगळ्या प्रांतांत खोट्या हुली उठवल्या. म्हणजे हाही एक गुप्त कटच. एका कटाची अफवा दुसऱ्या कटाने मारायची! काट्याने काटा काढणं म्हणतात ते हेच. पुरावा कोणी मागत नाही, कारण पहिल्या अफवेलाही कोणी मागितला नव्हता.

ठराव वाचणार कोण? गावात अक्षरओळख असलेला आणि रविवारी सगळ्यांना एकत्र बसवू शकणारा माणूस एकच, पाद्री. सभेने त्यालाच हे काम दिलं. दुसऱ्याच दिवशी, ११ ऑगस्टला, त्याला मिळणारा धान्याचा दशमांश रद्द केला. २ नोव्हेंबरला चर्चची मालमत्ता राष्ट्राच्या हवाली केली. २३ फेब्रुवारी १७९० ला पुन्हा फर्मान काढलं, की सभेचे कायदे आणि जनतेला उद्देशून काढलेलं निवेदन पाद्र्याने रविवारी वाचून दाखवावं. ज्याचं ताट ओढून घेतलं, त्यालाच वाढप्याचं काम द्यायचं, आणि वर तो हसतमुख नाही म्हणून तक्रार करायची. यापेक्षा भरवशाचा प्रवक्ता तुम्हाला मिळायचा नाही.

निवेदन लिहायलाही असाच माणूस शोधा. ११ फेब्रुवारी १७९० ला सभेने फ्रेंच जनतेला उद्देशून लांबलचक निवेदन काढलं. आमच्यावर असा आरोप होतो, तसा आरोप होतो, असं म्हणत एकेकाला उत्तर दिलं. ते सादर केलं ओतँचे बिशप ताल्येराँ यांनी, म्हणजे चर्चची मालमत्ता घ्या असं सुचवणाऱ्या बिशपनेच. निवेदनाचा आणखी एक गुण सांगतो. ज्यांच्या कानावर ते आरोप तोवर गेले नव्हते, त्यांनाही ते एकगठ्ठा, सुबक छापील स्वरूपात मिळाले.

पण हे निवेदन लागलंच कशाला? इथे जरा नीट लक्ष द्या, सगळी मेख इथेच आहे. ४ ऑगस्टच्या रात्री भारावलेल्या उमरावांनी एकामागून एक आपले हक्क सोडले. ११ तारखेच्या कायद्याचं पहिलंच वाक्य होतं, की राष्ट्रीय सभा सरंजामशाही संपूर्णपणे नष्ट करत आहे. संपूर्णपणे! मग पुढच्या ओळींत बारीक अक्षरांतला व्यवहार सुरू. जमीनदाराला दरवर्षी द्यायची काही देणी फुकट रद्द, पण बाकीची पैसे मोजून सोडवून घ्यायची आणि तोवर भरत राहायची. गावात पहिलं वाक्य पोचलं, पुढच्या ओळी नाही. शेतकऱ्याने ऐकलं, संपलं.

मग केर्सी, रुएर्ग, पेरिगोर, लिमुझँ या प्रांतांतल्या शेतकऱ्यांनी देणी भरणं बंद केलं. जमीनदारांच्या छपरांवरचे, वाऱ्याची दिशा दाखवणारे कोंबडे उतरवले, चर्चमधली त्यांची मानाची बाकं बाहेर काढून जाळली आणि चौकात उंच खांब रोवले. खांबाला धान्याची चाळणी, मापं, कोंबडीची पिसं टांगलेली, म्हणजे मालकाला जे जे घातलं त्याची यादीच. कुठे पाटी, ‘देण्यांची शेवटची पावती’. खांब वर्ष नि एक दिवस उभा राहिला की देणी कायमची सुटली, अशी समजूत होती. ९ फेब्रुवारीला सभेतले एक पाद्री सदस्य आबे ग्रेग्वार यांनी या दंग्यांचा अहवाल सभेपुढे ठेवला. अज्ञान, खोटे कायदे, गैरसमज असं निदान झालं. २० तारखेला कझालेस नावाचे सदस्य म्हणाले, दंगे मोडायला राजाला तीन महिने अमर्याद अधिकार द्या. म्हणजे ज्याच्या अधिकाराला लगाम घालायला सभा भरली, त्यालाच. सभेने ते मानलं नाही, पण २३ तारखेला बजावलं की रीतसर प्रसिद्ध न झालेला राजाचा किंवा सभेचा हुकूम पुढे करणारा माणूस शांतताभंगाचा गुन्हेगार.

पहिलं वाक्य मात्र रीतसर प्रसिद्ध झालेलं होतं. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. तुम्हीही बोलू नका.

उलट गैरसमज दूर करायला आकडे जाहीर करा. ३ मे १७९० ला सभेने दर ठरवून दिले. रोख देणं असेल तर वर्षाच्या रकमेच्या वीसपट, धान्यात असेल तर पंचवीसपट भरा आणि मोकळे व्हा. गेल्या वर्षी पाव परवडत नव्हता अशा माणसाला हा हिशेब समजावून सांगणं म्हणजे अफवेवर सत्याने केलेला विजयच. तरीही तो खांबाकडेच बघत राहिला, तर चूक त्याच्या अडाणीपणाची.

एवढं सगळं करूनही लोक ऐकत नसतील, तर थोडी वर्षं कळ काढा. १७ जुलै १७९३ ला फ्रान्सच्या नंतरच्या एका सभागृहाने उरलेली सगळी सरंजामी देणी एक पैसाही न घेता रद्द केली आणि त्यांचे कागदपत्र जाळून टाकायचा हुकूम दिला. केर्सीच्या शेतकऱ्याने चार वर्षं जे खोटं ऐकलं होतं, ते शब्दशः कायदा झालं. तुमच्यावर अशी वेळ आली, तर गडबडून जाऊ नका. चेहऱ्यावरची रेषा न हलवता सांगा की आम्ही पहिल्यापासून हेच म्हणत होतो, आणि पुरावा म्हणून ते पहिलं वाक्य काढून दाखवा.