टाकी उपसू नका, झाडं चालू टाकीतच लावा

मासे पाळणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत पुढे पाठवला जातो, तो असा. छोट्या टाकीत खरी झाडं जगवायची तर कार्बन डायऑक्साइडचं सिलिंडर आणि भारी दिवे लागतातच. आधी टाकी रिकामी करा, खडी धुवा, विकतची माती घाला आणि सगळं नव्याने मांडा. झाडं रात्री ऑक्सिजन खातात, तेव्हा मासे गुदमरू शकतात. मात्र एकदा झाडं रुजली की पाणी बदलायची कटकट संपते, आणि वाढलेली झाडं जवळच्या तळ्यात सोडून द्यावीत. हा सल्ला वाचून कितीतरी जण प्लास्टिकच्या झाडांवरच थांबतात. जे ऐकतात, त्यांच्यातल्या काहींचे मासे आठवडाभरात मरतात. त्याचं कारण बहुतेक वेळा टाकी उपसणं हे असतं, म्हणून सुरुवात तिथूनच करतो.

माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात येतो, आणि तो त्यांच्यासाठी विष असतो. चालू टाकीत काही जीवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं तुलनेने निरुपद्रवी नायट्रेट करतात. हे जीवाणू पाण्यात फारसे नसतात. ते खडीवर, काचेवर आणि मुख्य म्हणजे फिल्टरच्या स्पंजमध्ये चिकटून राहतात. तुम्ही खडी आणि स्पंज नळाखाली खळखळून धुतलेत की क्लोरीनने त्यांचा मोठा भाग मरतो. नवी वस्ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे जातात. त्या काळात तेच मासे, तेवढंच खाणं आणि अमोनियाला वाट नाही. दोष मात्र झाडांच्या माथी येतो.

मग झाडं लावायची कशी? पाव टाकी पाणी काढा, हात घाला आणि लावा. अनुबियास आणि जावा फर्न यांना माती लागतच नाही. दगडाला किंवा लाकडाच्या तुकड्याला दोऱ्याने बांधा, मुळं स्वतःच पकड घेतात. त्यांचा आडवा जाड खोड-कंद खडीत पुरू नका, तो कुजतो आणि सगळं झाड जातं. व्हॅलिस्नेरिया आणि क्रिप्टोकोरिन साध्या बारीक खडीत लागतात, मुळाशी खताची एखादी गोळी दाबली की झालं. हॉर्नवर्टला तर मुळंच नसतात, ते तरंगत सोडलं तरी वाढतं आणि अमोनिया थेट शोषून घेतं. सुरुवातीच्या आठवड्यांत मी हेच सर्वांत आधी टाकायला सांगेन.

इथे एक इशारा महत्त्वाचा आहे. नर्सरीत बरीच झाडं पाण्याबाहेर, दमट हवेत वाढवतात. टाकीत आल्यावर ती जुनी पानं गाळतात, क्रिप्टोकोरिन तर कधी कधी पूर्ण विरघळल्यासारखं दिसतं. ते उपटू नका. मुळं शाबूत असतील तर पाण्यातली नवी पानं फुटतात. खरा धोका शोभेच्या बांबूसारख्या झाडांचा आहे. दुकानांत ती टाकीसाठी म्हणून विकली जातात, पण ती जलवनस्पती नाहीत. पानं बुडालेली राहिली की कुजतात आणि पाणी खराब करतात.

सिलिंडरचा आग्रह येतो तो छायाचित्रांतल्या लालभडक झाडांमुळे आणि हिरव्या गालिच्यांमुळे. त्यांच्यासाठी पाण्यात लिटरमागे २० ते ३० मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड ठेवतात. साध्या टाकीत तो २-३ मिलिग्रॅमच्या आसपास असतो, आणि वर सांगितलेल्या झाडांना तेवढा पुरतो. शिवाय व्हॅलिस्नेरिया, हॉर्नवर्ट आणि आपल्याकडच्या तळ्यांत मिळणारं हायड्रिला पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेट या क्षारामधूनही कार्बन घेतात. त्यामुळे बोअरवेलचं जड पाणी त्यांना अडवत नाही. दिव्यांचंही तसंच. बाकी काही न वाढवता नुसता प्रकाश वाढवला की शेवाळच वाढतं. साधा एलईडी रोज सहा ते आठ तास, टायमर लावून, आणि टाकी खिडकीच्या थेट उन्हापासून दूर, एवढं पुरतं.

रात्रीच्या ऑक्सिजनची भीती अगदी खोटी नाही, म्हणून ती नीट समजून घ्यायला हवी. झाडं श्वसन दिवसरात्र करतात, हे खरं. पण मासे आणि जीवाणूही तेच करतात, आणि पाण्याला ऑक्सिजन मुख्यतः पृष्ठभागावरच्या हवेतून मिळत राहतो. अडचण येते ती मासे दाटीने भरलेले असताना, पाणी निश्चल असताना, सिलिंडर रात्रभर चालू असताना, किंवा मे महिन्यात वीज गेल्यावर. २५ अंशांना पाण्यात लिटरमागे जेमतेम ८.२ मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साडेसात. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर फिल्टरची धार पृष्ठभागावर वळवा आणि मासे कमी करा. झाडं उपटून हा प्रश्न सुटत नाही.

‘पाणी बदलायला नको’ या समजुतीला उत्तर १८५०च्या सुमाराचं आहे. लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी सुमारे बारा गॅलन, म्हणजे जवळपास ५५ लिटर मावेल अशा काचेच्या भांड्यात दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरिया ठेवलं. दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि फूटभर उंच टाकी साधारण एवढीच असते. तरीही व्हॅलिस्नेरियाची जुनी पानं कुजून पाणी गढूळ झालं, आणि पाणगोगलगायी सोडल्यावरच ते निवळलं. दोन माशांना ही गत, तर त्याच आकारात पंधरा मासे आणि दोन वेळचं खाणं! झाडं नायट्रेट कमी करतात, पण सगळी घाण नाहीशी करत नाहीत. आठवड्याला पाव टाकी पाणी, क्लोरीन काढून, बदलत राहा. पिवळी पानं कापून बाहेर काढा आणि स्पंज पिळायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच.

तळ्यात झाडं सोडण्याच्या सल्ल्यावर मला राग येतो. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या जलपर्णीने पवना, इंद्रायणी, मुळा-मुठेचं काय केलं ते पुण्यात कोणालाही विचारा. टाकीतलं नाजूक दिसणारं परदेशी झाड बाहेर काय करील, हे टाकीत बघून कळत नाही. साल्व्हिनियासारखं तरंगतं झाड तर तुकड्यातूनही पसरतं. कापलेली झाडं दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या. कोणी घेत नसेल तर उन्हात पूर्ण वाळवा आणि मगच कुंडीत टाका. ओली असताना मोरीतही टाकू नका.