चुकणारा ड्रमर पाहिजे

फ्लॅटमध्ये राहून ज्याला घरच्या घरी गाणी रेकॉर्ड करायची हौस आहे, त्याने गिटार शिकावी, पेटी शिकावी, अगदीच राहवलं नाही तर बासरी फुंकावी. ड्रमच्या वाटेला जाऊ नये. खरा ड्रमसेट मांडायचा म्हणजे सहा बाय सहाची जागा गेली. आमच्याकडे तेवढ्या जागेत स्वयंपाकघर आहे. शिवाय स्नेअरवर, म्हणजे त्यातल्या कडकडीत आवाजाच्या ड्रमवर, पहिला ठोका पडला की खालच्या मजल्यावरचे काका वर येणार आणि दुसऱ्या ठोक्याला सोसायटीचे सेक्रेटरी. म्हणून माझ्यासारखी माणसं ड्रमर कॉम्प्युटरमध्ये पाळतात, म्हणजे ड्रम वाजवणारं सॉफ्टवेअर घेतात. तो चहा मागत नाही, उशिरा येत नाही, मानधनाचं नाव काढत नाही. मानधन कंपनी मागते, आणि तेही डॉलरमध्ये.

"पण हे नेमकं असतं तरी काय?" हा प्रश्न आमच्या घरात अधूनमधून निघतो, बहुतेक वेळा क्रेडिट कार्डाचं बिल आल्यावर. मग मी समजावून सांगतो. कुठल्या तरी भारी स्टुडिओत एक खरा ड्रमर बसवतात. तो एकाच स्नेअरवर आधी अगदी हळू, मग जरा जोरात, मग आणखी जोरात असे ठोके मारत जातो. प्रत्येक ठोका वेगळा रेकॉर्ड होतो. मग किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम, मग टॉम हे मधले ड्रम, मग हाय-हॅट ही झांजांची जोडी: उघडी, मिटलेली, अर्धवट मिटलेली. आपण घरी बसून फक्त आकडे पाठवायचे. 36 म्हणजे किक, 38 म्हणजे स्नेअर, 42 म्हणजे मिटलेली हाय-हॅट. हा नकाशा 1991 पासून ठरलेला आहे. ठोका किती जोरात, तेही 1 ते 127 मधल्या एका आकड्यानेच सांगायचं. इथपर्यंत आलो की आई म्हणते, "म्हणजे वाजवणारा दुसराच. मग तू काय करतोस?" हा प्रश्न मी पुढच्या बिलापर्यंत लांबणीवर टाकतो.

या धंद्यात स्वीडनचा फार दबदबा आहे. ईझीड्रमर आणि सुपीरियर ड्रमर काढणारी टूनट्रॅक तिथली, ॲडिक्टिव्ह ड्रम्स काढणारी एक्सएलएन ऑडिओही तिथलीच. हिवाळ्यात दुपारीच अंधार पडायला लागला की माणूस काय काय उद्योग काढील, सांगता येत नाही. 2017 साली आलेल्या सुपीरियर ड्रमर 3 चे ठोके बेल्जियममधल्या गॅलक्सी स्टुडिओत जॉर्ज मॅसनबर्ग या नामांकित ध्वनिमुद्रकाने टिपले, आणि तो सगळा ऐवज 230 जीबीच्या वर गेला. माझ्या लॅपटॉपची अख्खी डिस्क 256 जीबीची. हा पाहुणा राहायला आला तर विंडोजला घर सोडावं लागेल.

एवढे जीबी कशाला लागतात? चुकांसाठी! सॉफ्टवेअरने प्रत्येक वेळी स्नेअरचा तोच एक ठोका वाजवला, तर चार ठोक्यांतच कानाला कळतं की हे यंत्र आहे. जलद फिल, म्हणजे ओळींमधला ठोक्यांचा भरणा, घेतला तर मशीनगनच सुरू होते. म्हणून एकाच जोराचे अनेक ठोके रेकॉर्ड करून ठेवतात आणि ते आलटून पालटून वाजवतात, म्हणजे दोन ठोके सहसा एकसारखे यायला नकोत. त्याच्यावर आणखी एक बटण असतं. ते फिरवलं की ठोके मात्रेच्या किंचित अलीकडे-पलीकडे पडू लागतात, माणसाचे पडतात तसे. त्याच्याही पुढे 'ब्लीड' नावाचा ऐवज. खऱ्या रेकॉर्डिंगमध्ये स्नेअरच्या माईकमध्ये किक घुसते, टॉमच्या माईकमध्ये झांज घुसते. ही घुसखोरी थोपवण्यात ध्वनिमुद्रकांच्या पिढ्या खपल्या. आता ती जाहिरातीत मिरवली जाते आणि हवी तेवढी कमी-जास्त करायला पट्टी दिलेली असते.

कॉलेजात आमच्या बँडचा ड्रमर हे सगळं फुकट द्यायचा. त्याचे दोन ठोके कधीही सारखे पडले नाहीत. फिल घेताना तो पळायचा आणि अंतऱ्याला आम्हाला तिथे जाऊन त्याला गाठावं लागायचं. तेव्हा आम्ही त्याला नावं ठेवली. तो आता बँकेत आहे आणि तिथे एकही आकडा इकडचा तिकडे होऊ देत नाही.

निवड करायची म्हणजे आधी डेमो ऐकणं आलं. सगळे डेमो अप्रतिम असतात, कारण त्यात दाढीवाला एक गृहस्थ अप्रतिम वाजवत असतो. त्याच्या हाताखाली पत्र्याचा डबाही चांगला वाजेल, हे आपल्याला पैसे भरल्यावर सुचतं. ते होईपर्यंत मी रात्र रात्र स्नेअर ऐकत बसतो. एक मेपलची, एक पितळी, एक 14 इंची, एक 13 इंची. माठ घेणारी बाई टिचकी मारत एकेक माठ बाजूला सारते, तसं. फरक इतकाच की ती शेवटी माठ घेऊन घरी जाते.

फुकटात मिळणाऱ्यांवर माझा खरं तर राग आहे, कारण ते चांगले आहेत. एमटी पॉवर ड्रम किट फुकट आहे, स्टीव्हन स्लेटच्या ड्रम्सची फुकट आवृत्ती आहे, आणि दोन्हींत रेडिओवर वाजेल असं गाणं होऊ शकतं. ज्यांच्याकडे मॅक आणि लॉजिक हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर आहे त्यांना तर 2013 पासून ड्रमर त्यातच मिळालाय. एवढं असताना विकत का घ्यायचं, याचं पटेल असं उत्तर मला आजवर देता आलेलं नाही. पण फुकटच्या ड्रमरवर गाणं अडलं तर दोष आपल्यावर येतो. विकतच्या ड्रमरवर अडलं तर 'पुढच्या व्हर्जनमध्ये होईल' म्हणता येतं.

आणि पुढचं व्हर्जन येतंच. ईझीड्रमर 2 निघाला 2014 मध्ये आणि 3 निघाला 2022 मध्ये, म्हणजे मध्ये आठ वर्षं श्वास घ्यायला मिळाली. मी जो घेतलाय त्याचं नाव सांगत नाही. त्याच्या कंपनीची मेल आली: जुन्या ग्राहकांना खास सवलत, फक्त मध्यरात्रीपर्यंत. ही मध्यरात्र कुठल्या देशाची, ते लिहिलं नव्हतं. मग कार्डावरचे परदेशी व्यवहार चालू करा, मर्यादा वाढवा, ओटीपीची वाट बघा, ओटीपी आला की पान मेलेलं, पुन्हा पहिल्यापासून. पैसे गेले. मग कळलं की हे सॉफ्टवेअर उतरवण्यासाठी आधी एक वेगळं सॉफ्टवेअर उतरवायचं असतं. मग त्याने विचारलं, जुनी लायब्ररी (म्हणजे ठोक्यांचा साठा) कुठे ठेवली आहे? हे मला माहीत असतं तर मी आयुष्यात बरंच काही केलं असतं.

पहाटे जुनं गाणं नव्या ड्रमरवर उघडलं. किक सुरेख, स्नेअर देखणी. पण हाय-हॅटच्या मधल्या अवस्थांचे आकडे कंपन्या आपापल्या मर्जीने वाटतात, आणि ही कंपनी या खेपेला स्वतःशीच सहमत नव्हती. गाण्यात 'हलकेच दार लोटले' अशी ओळ आहे. तिथे पूर्वी हाय-हॅट अलगद उघडायची. आता तिथे 18 इंची क्रॅश झांज कोसळली. शेजारच्या खोलीत बायको जागी झाली. शिवाय नवा ड्रमर इतका वजनदार, की बफर, म्हणजे आवाज तयार करायला लॅपटॉपला दिलेली उसंत, 128 वर ठेवला तर लॅपटॉप कडकड वाजू लागला. तो 512 वर नेला. त्यापायी बोटाने पॅडवर मारलेला ठोका कानात यायला आणखी आठेक मिलिसेकंद खाऊ लागला. म्हणजे लयीत मागे पडण्याची सोयही अपग्रेडमध्ये अंतर्भूत होती.

सकाळी बायकोला हेडफोन लावून दोन्ही ऐकवलं, कुठलं नवं ते न सांगता.

"काही फरक जाणवला?"

"दुसऱ्यात तुझा आवाज जरा कमी येतोय. तेच ठेव."

आता खऱ्या दुखण्याकडे येतो. माझं ते गाणं दादऱ्यात आहे. या मंडळींकडे रॉक आहे, मेटल आहे, जॅझ आहे, ब्रशने वाजवायचा जॅझ वेगळा आहे, दादरा नाही. हरकत नाही, सहा मात्रा तर सहा मात्रा, म्हणून मी 6/8 च्या फोल्डरात शिरलो. तिथे संथ ब्लूज आणि प्रेमभंगाची बॅलड. वाजवून बघितलं, मात्रा मोजल्या, सहाच भरल्या. तरी गाणं अंगावर यायला लागलं. कितीतरी वेळाने ध्यानात आलं. दादऱ्यात चौथी मात्रा खालीची. तबलजी तिथे डग्ग्याचा भार काढून घेतो, गाणं तिथे पाय न वाजवता जातं. आणि 6/8 मध्ये नेमका त्याच चौथ्या मात्रेवर स्नेअरचा दणका. आपण जिथे हात उचलतो तिथेच हे मारतात! मग माऊस घेऊन बसलो. प्रत्येक आवर्तनातली चौथ्या मात्रेवरची स्नेअर काढली, तिथे रिमवरचा, म्हणजे कडेवरचा, हलका ठोका 37 ठेवला, त्याचा जोर 110 वरून 35 वर आणला, समेची किक तेवढी जरा भरली. गाणं चालायला लागलं. आता ढोलकीच्या घुमाऱ्यासारखं काही मिळतंय का, म्हणून फ्लोअर टॉमचा सूर वाकवून पाहिला. त्याबद्दल बोलत नाही.

उरला होता फक्त आवाज. तो मी जुलैत नव्याने भरायला घेतला, आणि आमचं घर मुठेच्या पात्रापासून फार लांब नाही. गणपतीच्या आधी दोनेक महिने तिथे ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू होतो हे पुण्यात लहान मूलही सांगेल. खिडक्या लावल्या, फटीत टॉवेल कोंबले, कपाट उघडून आतल्या शालींसमोर उभा राहून गायलो. कंडेन्सर माईक हा प्रकार असा आहे की त्याला गायकापेक्षा शेजारपाजारात जास्त रस असतो. ध्रुवपदात ढोल आले. त्यांचा ठेका आठाचा, माझा सहाचा. लय जुळली असती तर दर 24 मात्रांनी आमची समेवर गाठ पडली असती, पण तेवढंही सुख नव्हतं. कापून पाहिलं, चाळून पाहिलं. ढोल निघाले तेव्हा माझा आवाजही बरोबर निघाला.

शेवटी तसंच गाणं एका मित्राला पाठवलं. हा या विषयातला जाणकार, त्याच्याकडे माझ्या चौपट लायब्रऱ्या आहेत. संध्याकाळी त्याचा फोन.

"अरे, ड्रम ठीक आहेत. नेहमीचेच. पण मागे लांबून ते ढोल येतात ना, ते कसले खरे वाटतात रे! हवा ऐकू येते मधली. कुठलं घेतलंस?"

"नदीपात्र," मी म्हटलं.

"कितीला पडलं?"

"फुकट आहे."

"डेमोच असणार मग," तो म्हणाला, आणि पलीकडून टाइप केल्याचा आवाज यायला लागला.