‘अग्रे’ की ‘अग्नेः’? : पंचगंगेजवळच्या कट्ट्यावरचा वाद

कार्तिक लागला की पंचगंगेच्या घाटावरून परतणारी मंडळी आमच्या कट्ट्यावर घटकाभर टेकतात. परवा असेच बसलो असताना एका महाराजांच्या प्रवचनाचा विषय निघाला. चित्रफीत सगळ्यांच्याच मोबाइलवर आली होती, त्यामुळे ती कोणी कोणाला सांगत बसले नाही. ‘वेद अपौरुषेय आहेत, कोणा माणसाने रचलेले नाहीत, त्यांचा कर्ता विचारणे हेच पाप’ एवढे त्यातले एक वाक्य वकीलसाहेबांनी दोनदा म्हटले आणि आता बोलण्यासारखे काही उरले नाही अशा थाटात चहाचा पेला खाली ठेवला.

मास्तरांची उभी हयात संस्कृत शिकवण्यात गेली आहे. त्यांनी शांतपणे विचारले, “साहेब, अपौरुषेय म्हणजे देवाने केलेले, असेच ना?”

“अर्थात!”

“मग तुम्हाला पहिल्यांदा मीमांसा दर्शनाच्या कुमारिल भट्टांनीच अडवले असते. मीमांसकांच्या मते वेदाला कर्ता नाहीच, ईश्वरसुद्धा नाही. आणि नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे पंडित, म्हणतात, वेद ईश्वराने सांगितले म्हणूनच प्रमाण आहेत. वेद मानणारी ही दोन दर्शने कर्त्याच्या प्रश्नावरून पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी वाद घालत आली. त्यांनी विचारले तर ते शास्त्र, आणि या सुतारमामांनी विचारले तर पाप, हा न्याय कुठला?”

उत्तर सुचले नाही की वकीलसाहेब विमानावर येतात, हे आम्ही गेली वीस वर्षे पाहत आलो आहोत. तसे ते आलेच. भारद्वाज ऋषींनी विमानविद्या लिहून ठेवली होती, ती परक्यांनी पळवली, वगैरे सगळे त्यांनी उभे राहून सांगितले. मास्तरांनी त्यांना बसवले. ज्या ‘वैमानिक शास्त्रा’चा आधार ते घेत होते, ते १९१८ ते १९२३ या काळात सुब्बराय शास्त्री यांनी तोंडी सांगितले आणि दुसऱ्याने उतरवून घेतले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील पाच जणांनी १९७४ मध्ये ते तपासले, तेव्हा ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकातला असल्याचे आणि त्यातली विमाने उडण्याजोगी नसल्याचे त्यांनी दाखवून दिले. “ऋषीचे नाव घातले की तपासणी टळते,” मास्तर म्हणाले, “एवढ्यासाठीच ते नाव घातले जाते.”

सुतारमामा तोवर गप्प होते. कानावरची पेन्सिल काढून ते हातातल्या फळीवर उगाच रेघा ओढत होते. ते म्हणाले, “मास्तर, ज्यांनी ऋचा म्हटल्या, ते स्वतः काय म्हणतात?”

या प्रश्नाने मास्तरांचा चेहरा खुलला. ऋग्वेदाच्या पाचव्या मंडलातला कवी अग्नीला सांगतो, ‘रथं न धीरः स्वपा अतक्षम्’; कुशल कारागीर रथ घडवतो, तसे हे स्तोत्र मी तुझ्यासाठी घडवले. तक्ष म्हणजे तासणे, घडवणे, आणि सुताराला ‘तक्षन्’ म्हणतात तेही याच धातूवरून. मामांनी हे मास्तरांकडून दोनदा म्हणवून घेतले. “म्हणजे तो आमच्यातलाच की!” असे ते म्हणाले, तेव्हा त्या हजारो वर्षांपूर्वीच्या माणसाविषयी मला जो आदर वाटला, तो अपौरुषेयत्वाच्या कोणत्याही व्याख्यानाने वाटलेला नाही.

मग मास्तरांनी ती फळी आणि पेन्सिल मागून घेतली, आणि एकाखाली एक दोन शब्द लिहिले : ‘अग्रे’ आणि ‘अग्नेः’. दहाव्या मंडलातल्या अठराव्या सूक्तात, अंत्यविधीच्या वेळी, ज्यांचे पती हयात आहेत अशा स्त्रियांनी आधी, म्हणजे ‘अग्रे’, पुढे व्हावे असे आहे. ऋचेची सुरुवातच ‘इमा नारीरविधवाः’ अशी आहे. तिथे ‘अग्नेः’ वाचले की त्याच स्त्रिया अग्नीत जातात, आणि सतीच्या चालीला वेदाचा आधार म्हणून हाच बदललेला पाठ पुढे केला जात असे. लगेच पुढच्या ऋचेत विधवेला ‘उदीर्ष्व नारि’, ऊठ, जिवंतांच्या जगात परत ये, असे सांगितले आहे; ती वाचण्याचे कष्ट मात्र घेतले गेले नाहीत. बदल मुद्दाम केला की लिहिणाऱ्याच्या हातून झाला, यावर विद्वानांत मतभेद आहेत. मला त्याहून मोठी वाटते ती दुसरीच गोष्ट. जिला जाळायचे तिला तो ग्रंथ उघडून अक्षर पाहण्याचा अधिकार नव्हता. फळीवरचे ते दोन शब्द आम्ही बराच वेळ पाहत राहिलो. मध्ये फरक होता तो पेन्सिलीच्या एका फटकाऱ्याएवढा.

“पण हक्क मिळवलाच ना आपण!” अण्णा उसळून म्हणाले. कोल्हापुरात हा विषय निघाला आणि वेदोक्ताचा, म्हणजे वेदमंत्रांनी धर्मविधी करून घेण्याच्या हक्काचा, वाद निघाला नाही, असे होत नाही. १८९९ च्या कार्तिकात याच नदीवर शाहू महाराज स्नानाला आले असताना भटजी आंघोळ न करता पुराणोक्त, म्हणजे शूद्रांसाठी ठरवलेले पुराणांतले, मंत्र म्हणत होते आणि राजारामशास्त्री भागवतांनी ते महाराजांच्या लक्षात आणून दिले, इथपासून १९०२ मध्ये राजघराण्याच्या पुरोहितांचे, राजोपाध्यांचे, वतन जप्त झाले आणि १९२० मध्ये क्षात्रजगद्गुरूचे, म्हणजे ब्राह्मणेतरांच्या स्वतःच्या धर्मगुरूचे, पीठ स्थापन झाले, इथपर्यंत सगळे अण्णांना मुखोद्गत आहे. छत्रपतींनाही जिथे शूद्र ठरवले गेले, तिथे आमची काय कथा? माझ्या वडिलांच्या वर्षश्राद्धाला आलेल्या एका गुरुजींनी ‘तुमचे पुराणोक्तच चालते’ असे सहज सांगून टाकले होते. आईने तेव्हा मान खाली घातली, ती मला अजून दिसते. म्हणून शाहू महाराजांचा लढा मला परका वाटत नाही.

तरीही मास्तरांनी अण्णांना सोडले नाही. “वेदोक्ताचा हक्क मागताना वेदाचा मोठेपणा मान्यच करावा लागतो, अण्णा. महाराजांनी अपमानाला उत्तर दिले आणि ते द्यायलाच हवे होते. पण जोतीराव त्याच्याही आधी पुढे गेले होते. कोणताच ग्रंथ ईश्वराने लिहिलेला नाही, असे त्यांनी रोखठोक सांगितले. आणि ज्ञानदेवांनी वेदाला मान देऊनही ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात काय म्हटले आहे? ‘वेदु संपन्नु होय ठाईं । परी कृपणु ऐसा आनु नाहीं । जे कानीं लागला तिहीं । वर्णांच्याचि ॥’ वेद श्रीमंत खरा, पण त्याच्यासारखा कंजूष दुसरा नाही, कारण तो तीनच वर्णांच्या कानी लागला.”

अण्णा यावर रागावले. तुम्ही नेहमी फुल्यांचे नाव घेऊन आम्हाला गप्प करता, मागच्या निवडणुकीच्या वेळीही हेच केले होते, असे जुने उकरून काढायला त्यांनी सुरुवात केली. वकीलसाहेबांना तेवढीच संधी मिळाली. ते म्हणाले, “काही असो, शास्त्रात शक्ती आहे. वास्तुशास्त्राप्रमाणे मी घराचा दरवाजा दक्षिणेकडून पूर्वेला घेतला आणि दोन महिन्यांत माझी अडलेली प्रकरणे सुटली.”

सुतारमामांनी पेन्सिल कानावर ठेवली, फळी उचलली आणि म्हणाले, “वेद अपौरुषेय असोत, साहेब, पण तो दरवाजा तरी पौरुषेय धरा. त्याच्या चौकटीचे पैसे अजून राहिले आहेत.”

अण्णांसकट सगळे इतके हसले, की चहावाला पेले गोळा करायचे सोडून बघत राहिला.