सिक्वोया नावाचं राज्य, जे होऊ दिलं नाही

ओक्लाहोमा म्हटलं की मला एक लग्न आठवतं. १६ नोव्हेंबर १९०७, गथ्री गाव, ग्रंथालयाच्या पायऱ्या. ओक्लाहोमा त्या दिवशी अमेरिकेचं ४६वं राज्य झालं आणि त्या आनंदात एक लुटुपुटीचं लग्न लावण्यात आलं. जे दोन प्रदेश जोडून हे राज्य झालं, त्यांचं हे लग्न. नवरदेव काउबॉय, म्हणजे गोऱ्या वसाहतकऱ्यांची ओक्लाहोमा टेरिटरी. नवरी आदिवासी मुलगी, म्हणजे अमेरिकेतल्या आदिवासी जमातींची इंडियन टेरिटरी.

या नवरीचं मन काय होतं, ते सगळ्यांना ठाऊक होतं. दोनच वर्षांपूर्वी, १९०५ मध्ये, मस्कोगीला जमातींची परिषद भरली होती. आमचं राज्य वेगळं हवं, नाव सिक्वोया! घटना लिहून झाली, मतदान झालं, मोठ्या बहुमताने मंजूरही झाली. वॉशिंग्टनने ती बाजूला सारली.

सिक्वोया कोण, हे आपण मराठी माणसांनी तरी समजून घ्यावं. चेरोकी जमातीच्या या माणसाला इंग्रजी वाचता येत नव्हतं, तरी १८२१च्या सुमारास त्याने एकट्याने आपल्या भाषेची लिपी घडवली. 'क', 'कि', 'कु' यांना काना-मात्रा न लावता प्रत्येकाला स्वतंत्र अक्षर द्यावं, तशी ती लिपी. आज तिची ८५ अक्षरं वापरात आहेत. लिपी देणाऱ्याचं नाव राज्याला द्यावंसं वाटणं, यापेक्षा सुंदर मागणी मला तरी माहीत नाही.

ओक्लाहोमा हे नावही या जमातींचंच. चॉक्टॉ जमातीच्या भाषेत 'ओक्ला' म्हणजे लोक, 'हुम्मा' म्हणजे लाल. १८६६च्या कराराच्या वेळी चॉक्टॉ नेते ॲलन राइट यांनी ते सुचवलं. नाव ठेवून घेतलं, जमीन काढून घेतली.

आणि ही जमीन तरी त्यांनी कुठे हौसेने निवडली होती? १८३०च्या कायद्याने आग्नेयेकडची घरंदारं सोडायला लावून त्यांना इथे आणलं. चेरोकींची तर वाटेत हजारो माणसं गेली. ही जागा कायमची तुमची, असा शब्द दिला होता. मग २२ एप्रिल १८८९ला भर दुपारी बारा वाजता इशारा झाला आणि वसाहतकऱ्यांचे हजारो घोडे, गाड्या जमीन बळकवायला उधळल्या. जे वेळेआधीच चोरून आत शिरले ते 'सूनर'. आज ओक्लाहोमा हे अभिमानाने 'सूनर स्टेट' म्हणवतं. मला हा अभिमान पटत नाही, खुपतो.

२०२० साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केलं की यांपैकीच एका, क्रीक जमातीची राखीव भूमी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, कधी रद्द केलीच नव्हती. तुल्सा शहराचा मोठा भाग त्याच हद्दीत येतो.