‘काहून’साठी एक तास

परवा आमच्या लेआउटमधल्या एका वहिनींनी विचारलं, "मुलाला रोबोटिक्सच्या क्लासला टाकू का? फी बरीच आहे, पण किट घरी देतात." त्या घाईत होत्या, मला रस्त्यात उभ्या उभ्या नीट सांगता आलं नाही. म्हणून इथे लिहिते.

चार वर्षं झाली, मंगळवारी आणि शुक्रवारी शाळा सुटल्यावर आमच्या समाजभवनात पाचवी ते आठवीची पंधरा-वीस पोरं विज्ञानाचे प्रयोग करायला जमतात. त्याआधी मी एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये असिस्टंट होते. कपाटं रोज पुसायची आणि पुन्हा कुलूप लावायचं, हे माझं काम. वस्तू मोडली तर भरून कोण देणार, म्हणून मुलांनी लांबून बघायचं. एकाने रीडिंग घ्यायचं, बाकीच्यांनी वहीत उतरवायचं, आणि त्या उतरवलेल्या आकड्यांना मार्क. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. 2016 पासून सरकारने सहावी ते बारावीसाठी अटल टिंकरिंग लॅब सुरू केल्या, मला फार आनंद झाला होता. पुढे एका शाळेत गेले तर थ्रीडी प्रिंटर खोळीत गुंडाळून ठेवलेला. पाहुणे आले की खोळ निघते, असं तिथल्या शिपायानेच सांगितलं.

आता किटबद्दल. किटमध्ये सगळं मोजून-मापून आलेलं असतं. चित्र बघून स्क्रू लावले की गाडी चालते. नाही चालली तर सर येऊन जोडून देतात. घरी व्हिडिओ निघतो, आजी-आजोबांना जातो. पण गाडी अडली कुठे हे शोधायची वेळ पोरावर आलेलीच नसते, आणि माझ्या मते शिकणं तिथेच सुरू होतं.

मागच्या महिन्यात आम्ही मोटर केली. मोटर वाइंडिंगच्या दुकानातून उरलेली इनॅमलची तांब्याची तार, फुटक्या स्पीकरचं चुंबक, दोन सेफ्टी पिना, एक दीड व्होल्टचा सेल. तारेचे दहा-बारा वेढे गुंडाळायचे, दोन टोकं बाहेर काढून पिनांच्या भोकांत अडकवायची. टोकांवरचं इनॅमल खरवडायचं, नाहीतर करंट जाणार नाही, एवढंच मी सांगितलं.

सातवीतल्या एका मुलाने पॉलिश पेपरने दोन्ही टोकं चारही बाजूंनी चकचकीत केली. कॉइल नुसतीच इकडून तिकडे डुलायची आणि थांबायची. "काकू, हे फिरूनच नाही राह्यलं!" शेजारच्या मुलीने कंटाळून एक टोक पूर्ण आणि दुसरं एकाच बाजूने खरवडलं होतं. तिची कॉइल भिंगरीसारखी सुटली. तो मुलगा रडकुंडीला आला. "मी तं चांगलं घासलं नं, मग काहून?"

मला उत्तर माहीत होतं. ओठांवर आलेलं मी परत गिळलं. त्या दिवशी सगळे तसेच घरी गेले. शुक्रवारी आला तो वहीत चित्रं काढून. अर्ध्या फेरीत चुंबक कॉइलला पुढे ढकलतं, उरलेल्या अर्ध्या फेरीत करंट तसाच चालू राहिला तर मागे ओढतं. एका बाजूचं इनॅमल राहिलं की तेवढ्या वेळापुरता करंट तुटतो आणि कॉइल आपल्या वेगात पुढे निघून जाते. हे त्याने त्या मुलीला समजावलं, मी मागे बसून ऐकत होते. माझ्या बारा वर्षांच्या नोकरीत एकाही मुलाला असं बोलताना मी ऐकलं नव्हतं.

आणि विषय शोधायला लांब कशाला जायचं? नागपूरच्या प्रत्येक पोराला ठाऊक आहे की मे महिन्यात गारेगार करणारा कूलर जुलैत नुसती चिकचिक करतो. काहून? आम्ही दोन थर्मामीटर घेतले, लाल अल्कोहोलचे (पाऱ्याचे मुलांच्या हातात देऊ नका). एकाच्या टोकाला ओलं सुती फडकं गुंडाळलं आणि दोघांना पुठ्ठ्याने वारा घातला. एप्रिलमध्ये कोरडा 40 वर, ओला 23 वर. जुलैत कोरडा 29, ओला 27. पाण्याची वाफ होताना उष्णता खेचली जाते, आणि हवा आधीच दमट असली की वाफ फारशी होत नाही. हे चार महिन्यांचे आकडे मुलांनी स्वतः भिंतीवर लिहिलेत. माठ का पाझरतो, वाळ्याचे पडदे ओले का ठेवतात, हे मग त्यांनीच एकमेकांना विचारलं.

सव्वीस मेच्या आसपास नागपुरात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या पाइपची सावली नाहीशी होते. गच्चीवर एकदा करून बघा. घड्याळात मात्र तेव्हा बारा वाजून दहा मिनिटं झालेली असतात. आपलं घड्याळ चालतं 82.5 अंश रेखांशावर, आणि नागपूर 79 च्या जवळ. एका अंशाला चार मिनिटं धरून पोरांनी हिशेब केला तर जवळजवळ चौदा मिनिटं आली. उरलेली तीन-चार मिनिटं कुठे गेली, यावर आठवीवाल्यांचं अजून भांडण चालू आहे. मी मध्ये पडलेले नाही.

गांधीसागरजवळचं रमण विज्ञान केंद्र आपण सगळ्यांनी पाहिलंय. ज्यांचं नाव त्याला आहे ते सी. व्ही. रमण 1907 पासून दहा वर्षं सरकारी अर्थखात्यात नोकरीला होते. काही काळ बदलीवर नागपुरातही होते. कलकत्त्यात ऑफिसच्या आधी आणि ऑफिस सुटल्यावर ते बहूबाजारातल्या प्रयोगशाळेत जाऊन काम करायचे. ही गोष्ट मी मुलांना दरवर्षी 28 फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला सांगते. दिवसाचं काम संपल्यावरचा तास किती मोलाचा असतो, हे त्यांना त्यातून चटकन कळतं.

एक गोष्ट मात्र कडक पाळा. घरातल्या प्लगची वीज मुलांच्या प्रयोगात कधीच नाही. फक्त सेल.

तर वहिनी, क्लासला टाकायच्या आधी एक दिवस तिथे जाऊन बसा. मुलाचं काही अडलं की सर काय करतात ते बघा. हातातून घेऊन जोडून देत असतील तर फी वाचवा आणि त्याला आमच्याकडे पाठवा, आम्ही पैसे घेत नाही.

आणि बाकी सगळ्यांना विनंती. दिवाळीच्या साफसफाईत फुटके स्पीकर, बंद पडलेली खेळणी, जळालेले कूलरचे पंप निघतील, ते भंगारवाल्याला देऊ नका. मंगळवारी किंवा शुक्रवारी संध्याकाळी समाजभवनात आणून द्या. चुंबकं आमच्याकडे आता तीनच उरली आहेत.