हिरव्या संगनमताची शास्त्रोक्त पद्धत

प्रतिस्पर्ध्यांबरोबर बसून भाव ठरवण्याची आपली मनीषा असेल, तर बैठकीच्या विषयपत्रिकेवर 'भाव' हा शब्द चुकूनही येऊ देऊ नये. त्या जागी 'शाश्वत विकास' असे लिहावे आणि पाणी काचेच्या बाटल्यांतून द्यावे.

या कामी कपडे धुण्याच्या पावडरीचे उदाहरण अभ्यासनीय आहे. पावडरीचा पर्यावरणावरील भार हलका करण्यासाठी युरोपातील उत्पादकांनी आपल्या संघटनेमार्फत एक उपक्रम हाती घेतला. पावडर दाट केली की खोके लहान होते, पुठ्ठा वाचतो, वाहतूकही घटते. हेतूत खोट काढायला जागा नव्हती. मात्र खोक्याबरोबर किंमतही लहान करावी, असा अविचार कोणाच्या मनात येऊ नये, म्हणून ती कोणीच उतरवायची नाही, असेही काहींनी आपसांत ठरवून टाकले. उपक्रमाला या ठरावाची गरज मुळीच नव्हती. 2011 मध्ये, युरोपीय संघात स्पर्धा कायदा राबवणाऱ्या युरोपीय आयोगाने प्रॉक्टर अँड गॅम्बल आणि युनिलिव्हर यांना मिळून 31 कोटी 52 लाख युरोंचा दंड ठोठावला. हेंकेलने आधीच जाऊन सर्व सांगितल्यामुळे तिचा दंड माफ झाला. तेव्हा निसर्गप्रेमी सहकाऱ्यांपैकी आयोगाकडे आधी कोण धावेल, याचा अंदाज बांधून ठेवावा.

भाव ठरवणे फारच ढोबळ वाटत असेल, तर मोटार उत्पादकांचा मार्ग धरावा. डिझेलच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी ॲडब्लू नावाचे द्रावण लागते. ते साठवणारी टाकी केवढी असावी, एकदा भरल्यावर गाडी किती अंतर जावी, यावर डेमलर, बीएमडब्ल्यू आणि फोक्सवागन समूह यांच्या तांत्रिक बैठका होत असत. कायद्याच्या किमान मर्यादेपेक्षा धूर अधिक स्वच्छ करण्याचे तंत्र हाताशी असूनही त्यात एकमेकांच्या पुढे जायचे नाही, असे संगनमत आयोगाला त्यात आढळले. किमतीचा प्रश्नच नव्हता, तरी 2021 मध्ये दंड झाला सुमारे 87 कोटी 50 लाख युरो. या वेळी माहिती देऊन सुटली ती डेमलर.

पर्यावरणासाठी काहीच करायचे नसेल, तर हाच स्पर्धा कायदा ढालीसारखा पुढे करावा. 'आमची फार इच्छा आहे हो, पण वकील नको म्हणतात,' हे वाक्य खेदपूर्वक उच्चारावे आणि पुरावा म्हणून नेदरलँड्समधील कोंबडी दाखवावी. तेथील सुपरमार्केटांनी आणि कुक्कुटपालकांनी नेहमीचे मांस काढून त्याऐवजी बऱ्या परिस्थितीत वाढवलेल्या कोंबडीचेच मांस विकण्याचे ठरवले होते. 2015 मध्ये स्पर्धा नियामकाने हिशेब केला: ग्राहक किलोमागे 82 सेंट जादा मोजायला राजी, वाढीव खर्च मात्र 1.46 युरो. योजना नामंजूर झाली. कोंबडीचे मत विचारण्याची तरतूद नव्हती.

आयोगाची 2023 ची मार्गदर्शक तत्त्वे मात्र सभेत कोणाच्या हाती पडू देऊ नयेत. कंपन्यांनी मिळून ठरवलेले शाश्वततेचे मानक पारदर्शक व सर्वांना खुले असावे, बाहेरच्यांवर लादू नये, त्याहून सरस काही करण्याची प्रत्येकाला मोकळीक असावी, नको ती व्यापारी माहिती वाटू नये आणि किंमत लक्षणीय वाढू नये किंवा दर्जा घसरू नये, अथवा सहभागींचा एकत्रित बाजारहिस्सा 20 टक्क्यांवर जाऊ नये, अशा अटी पाळल्या तर सहसा हरकत घेतली जाणार नाही, असे त्यांत सरळ लिहिले आहे. ब्रिटनच्या नियामकाने तर त्याच वर्षी अशा करारांबाबत आधी येऊन अनौपचारिक सल्ला घेण्याची सोय केली. तिकडे मुळीच फिरकू नये. न जाणो, होकार मिळायचा आणि मग खरोखरच काम करावे लागायचे.