‘चौकोनी बॅटरी का नको?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया पहिल्यांदा वाचली तेव्हा खरं सांगायचं तर जरा झोंबली. दुसऱ्यांदा वाचली आणि कपाटातून मल्टिमीटर काढला. त्यामुळे उत्तराला आठवडा लागला.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. मी लेगोची माथेरानची गाडी केली, तिच्यात टीव्हीच्या रिमोटचे सहा सेल बसतात तो बॅटरीचा डबा घातला, आणि नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी ‘या कामाची नाही’ असं म्हणून एका वाक्यात निकालात काढली. तुम्ही लिहिलंत की एवढासा प्रश्न आणि त्याला एवढा मोठा डबा कशाला. चौकोनी बॅटरी निम्म्या जागेत तेच नऊ व्होल्ट देते, तुमच्या पुतण्याची गाडी तिच्यावरच पळते. शिवाय रिचार्जेबल सेलांबद्दल मी चुकीचं लिहिलंय, आणि दोन लिथियम सेल नि चार डमी (सेलाच्या आकाराचे, नुसती जोडणी करणारे पोकळ तुकडे) हा सोपा उपाय मला माहीतच नाही, असंही.

आधी माझी चूक. ‘रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे, सहांचे ७.२ च होतात, गाडी रडतखडत चालेल’ असं मी लिहिलं होतं. ते सेलवर छापलेला आकडा वाचून लिहिलं होतं, मोजून नाही. या आठवड्यात मोजलं. साधे अल्कलाइन सेल १.५ ने सुरू होतात खरे, पण गाडी ओढायला लागली की घसरत जातात आणि अर्ध्या वाटेवर १.२ च्या आसपास येतात. रिचार्जेबल सेल मात्र १.२ ला धरून बसतात ते जवळजवळ शेवटपर्यंत. माझ्या ७५० मिलिअँपिअर-तासांच्या सेलांवर गाडी दोन तासांहून जास्त फिरली, आणि वेग पहिल्या फेरीला होता तसाच शेवटी. मान्य, तुमचं बरोबर. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

चौकोनी बॅटरीचं मात्र मी मागे घेणार नाही. ती फोडून पाहिलीत तर (मुलांसमोर नको) आत दीड व्होल्टचे सहा पिटुकले सेल एकामागे एक जोडलेले सापडतात, रिमोटच्या सेलाहूनही बारीक. स्मोक डिटेक्टर, मल्टिमीटर, कॉर्डलेस माइक अशा चिमूटभर करंट घेणाऱ्या वस्तूंसाठी ती उत्तम. माझी गाडी तीन डबे घेऊन वळणावर ३०० मिलिअँपिअरच्या आसपास खाते. नवी अल्कलाइन चौकोनी बॅटरी मोकळी असताना मीटरवर ९.४ दिसली, गाडी सुरू केली तशी साडेआठच्या खाली आली आणि अर्ध्या-पाऊण तासात सातवर. कोपऱ्यावरच्या दुकानात मिळाली ती, जिच्यावर ‘हेवी ड्यूटी’ असं ठळक छापलेलं असतं, तिने तर तिसऱ्या फेरीलाच मान टाकली. ते ‘हेवी ड्यूटी’ म्हणजे झिंक क्लोराइड. अल्कलाइनपेक्षा हलका माल, नाव तेवढं पहिलवानाचं. व्होल्ट नऊ असले तरी बॅटरीच्या आतच अडथळा इतका, की करंट मागितला की व्होल्ट तिथेच खर्ची पडतात.

पुतण्याची गाडी पळते हे मी खोटं म्हणत नाही. एक इंजिन, एखादा डबा, सपाट रूळ, वीस मिनिटांचा खेळ, एवढ्याला ती पुरते. माझ्या रुळाचा पूर्ण गोल आहे, सोळा वळणांचा, आणि लेगोच्या वळणात गाडी किती अडते ते तीन डबे जोडल्यावरच कळतं.

आता जागेचं. सहा सेलांचा डबा लेगोच्या विटेवरच्या चार बाय आठ खुंट्यांचा, म्हणजे ३२ बाय ६४ मिलिमीटर. सहा खुंट्या रुंद गाडीत दोन्हीकडे एकेक खुंटीची भिंत सोडली की आत नेमक्या चारच उरतात, डबा मापात बसतो. अडचण लांबीची. माथेरानची गाडी १९०७ पासूनची, दोन फुटी रुळावरची, इंजिन कसं ठेंगणं. त्याला आठ खुंट्यांचं पोट दिलं की ते माथेरानचं राहत नाही, थेट भोर घाटातलं वाटायला लागतं. म्हणून मी बॅटरी पहिल्या डब्यात ठेवली आणि मोटरही त्याच डब्याखाली. इंजिन नुसतं शोभेचं, मागून ढकललं जातं. हे लेखात लिहायला मला लाज वाटली होती, आता लिहिलं.

आणि या लबाडीचा फायदा असा झाला की वजन मोटरच्या चाकांवर आलं. सहा सेल सत्तर ग्रॅमच्या घरात जातात, चौकोनी बॅटरी पंचेचाळीसच्या. चौकोनी लावली तेव्हा तेवढ्या फरकाने माझी गाडी वळणावर चाकं जागच्या जागी फिरवत बसली होती. मोटरच्या चाकांना रबराची कडी असूनही. मग छताखाली चार जास्तीच्या विटा कोंबाव्या लागल्या. जागा वाचवून तिथे विटाच भरायच्या असतील तर सेल काय वाईट?

राहिला दोन लिथियम आणि चार डमीचा उपाय. तो मला माहीत होता, मुद्दाम लिहिला नव्हता. हिशेबाने तो चालतो : ३.७ चे दोन, ७.४ व्होल्ट. पण रिमोटच्या सेलाएवढ्या लिथियम सेलात ३५० मिलिअँपिअर-तासांच्या आसपासच भरतात. म्हणजे सगळी मिळून अडीच वॉट-तास ऊर्जा. माझ्या सहा रिचार्जेबलमध्ये ५.४. डबा तेवढाच, त्यातली चार घरं रिकामी, आणि चाल निम्मी. शिवाय माझा भाचा आठ वर्षांचा आहे. सेल संपले की तो टीव्हीच्या रिमोटमधले काढून कुठेही घालतो. डमीच्या जागी त्याने चार साधे सेल घातले, तर पूर्ण चार्ज लिथियमसकट १४ व्होल्ट मोटरच्या हबला (मोटर चालवणाऱ्या खोक्याला) मिळतील. सहाही लिथियम घातले तर २५. तुमच्या घरी फक्त तुम्हीच गाडीला हात लावत असाल तर खुशाल करा, पण सेल पार उतरण्याआधी करंट तोडणारं सर्किट असलेलेच घ्या.

लिथियमच हवं असेल तर लेगोचाच एक डबा होता, ८८७८ नंबरचा : त्याच चार बाय आठ मापात ७.४ व्होल्ट, ११०० मिलिअँपिअर-तास. आठ वॉट-तासांहून जास्त. आता तो बनत नाही, आणि वापरलेला घ्यायचा तर आतली बॅटरी किती थकलीय ते कळायला मार्ग नाही. यूएसबीवर चार्ज होणारी चौकोनी बॅटरीही एक मागवून पाहिली, कुठून ते सांगत नाही. मोटर अडकली की ती स्वतःला बंद करते, आणि केबल लावल्याशिवाय जागी होत नाही. पॉवर बँकेचं उलटं : गाडी स्टेशनात दोन मिनिटं थांबवली की तिला वाटतं कोणी जोडलेलंच नाही, आणि ती झोपते.

तुमच्या पुतण्याच्या गाडीला डबे किती आहेत, आणि बॅटरी नेमकी कुठल्या प्रकारची, तेवढं कळवाल का? मीटर अजून टेबलावरच आहे.